घरे न मोडता रस्ता

(रस्ता सर्वांना हवा असतो, पण त्यासाठी घर कोणाचे जावे? हा प्रश्न आयुष्यभर मनाशी बाळगणाऱ्या एका अभियंत्याची व परिवहन खात्याच्या प्रमुखाची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांनी केलेल्या कामाचे यश आणि त्या कामात राहिलेल्या उणिवा, दोन्ही येथे सांगितल्या आहेत.)

रस्ता झाला की दूरचे गाव जवळ येते. आजारी माणसाला वेळेवर दवाखाना गाठता येतो. शेतातला माल बाजारात पोहोचतो. मुलांची शाळा बुडत नाही. परंतु रस्त्याला जमीन लागते आणि त्या जमिनीवर कोणाचे तरी घर, दुकान किंवा शेत असते. रस्त्याचा फायदा हजारो लोकांना होतो आणि त्याची किंमत मात्र थोड्या कुटुंबांना मोजावी लागते. या थोड्या कुटुंबांचा विचार कोणी करायचा? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे परिवहन सचिव फ्रेडरिक साल्वुची यांनी हा प्रश्न आपला मानला.

अमेरिकेत राज्याचा कारभार पाहणारा राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला असतो. त्याचे स्थान आपल्याकडील मुख्यमंत्र्यासारखे असते. तो निरनिराळ्या खात्यांचे प्रमुख नेमतो. त्यांना सचिव म्हणतात. परिवहन सचिवाकडे राज्यातील रस्ते, पूल आणि सार्वजनिक वाहतूक यांची जबाबदारी असते.

फ्रेडरिक साल्वुची यांचा जन्म १९४० साली बोस्टन शहरातील ब्रायटन या भागात झाला. बोस्टन ही मॅसॅच्युसेट्सची राजधानी. हे शहर समुद्रकाठी वसलेले आणि अमेरिकेतील जुन्या शहरांपैकी एक आहे. साल्वुची यांचे कुटुंब मूळचे इटलीचे. शाळेत ते हुशार होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेतून त्यांनी १९६१ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९६२ साली पुढची पदवीही मिळवली. नंतर शिष्यवृत्ती मिळवून ते इटलीतील नेपल्सच्या विद्यापीठात गेले. रस्ते व वाहतुकीवर पैसा खर्च केल्याने गरीब प्रदेशाचा विकास कसा होतो, याचा त्यांनी तेथे अभ्यास केला.

याच सुमारास घरात एक दुःखाची गोष्ट घडली. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक हा टोल घेणारा महामार्ग बोस्टन शहराच्या आत आणण्याचे काम सुरू झाले होते. त्याच्या वाटेत साल्वुची यांच्या आजीचे घर आले. आजी वृद्ध होती, विधवा होती. तिला आपले राहते घर सोडावे लागले. नातू रस्ते बांधण्याची विद्या शिकत होता आणि रस्त्यासाठीच आजीचे घर गेले. ही गोष्ट साल्वुची कधी विसरले नाहीत.

त्या काळी बोस्टनमध्ये अशी घरे गमावणारे लोक पुष्कळ होते. १९५० ते १९६० या दशकात शहराच्या मध्यातून 'सेंट्रल आर्टरी' नावाचा सहा पदरी उन्नत महामार्ग बांधण्यात आला. उन्नत म्हणजे खांबांवर उभा केलेला, आपल्याकडील उड्डाणपुलासारखा. त्यासाठी सुमारे २०,००० लोकांना घरे सोडावी लागली. नॉर्थ एंड हा इटालियन लोकांचा मोहल्ला आणि समुद्रकाठचा भाग, दोन्ही शहराच्या मध्यभागापासून तोडले गेले. पुलाखाली दिवसाही अंधार असे आणि वरून मोटारींचा आवाज सतत येत राही.

एवढ्यावर सरकार थांबले नव्हते. शहराभोवती आठ पदरी 'इनर बेल्ट' नावाचा महामार्ग आणि नैर्ऋत्येकडून शहरात येणारा आणखी एक महामार्ग बांधण्याची योजना तयार होती. हे रस्ते केंब्रिज, रॉक्सबरी, जमैका प्लेन अशा दाट वस्तीच्या भागांतून जाणार होते. तेथे बहुतेक कामगार, कृष्णवर्णीय आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे राहत होती. नैर्ऋत्येकडच्या रस्त्यासाठी तर घरे पाडायलाही सुरुवात झाली होती. लोक घाबरले, पण गप्प बसले नाहीत. वेगवेगळ्या वंशांचे व धर्मांचे लोक एकत्र आले. २५ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी राज्याच्या विधानभवनासमोर मोठी सभा भरवली. महामार्गांपेक्षा माणसे महत्त्वाची, ही त्यांची मागणी होती.

साल्वुची तेव्हा तरुण अभियंता होते. त्यांनी आपली विद्या या नागरिकांच्या उपयोगी लावली. १९७० सालापासून ते बोस्टनच्या महापौरांचे वाहतूक सल्लागार म्हणून काम करू लागले. सरकारी अधिकारी आणि सामान्य नागरिक या दोघांची भाषा त्यांना येत होती. म्हणून दोघांमधला दुवा होणे त्यांना जमले.

राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट हे पूर्वी स्वतः राज्याच्या बांधकाम खात्याचे प्रमुख होते. महामार्गांचे ते समर्थक होते. परंतु लोकांचे म्हणणे ऐकून त्यांनी आपले मत बदलले. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांनी शहर परिसरातील बहुतेक नव्या महामार्गांचे काम थांबवून सर्व योजनेचा फेरविचार करण्याचे जाहीर केले. १९७२ च्या अखेरीस इनर बेल्ट आणि नैर्ऋत्येकडचा महामार्ग या दोन्ही योजना रद्द झाल्या. १९७३ साली अमेरिकेच्या कायद्यात बदल झाला. रद्द झालेल्या महामार्गाचा पैसा आता रेल्वे व बससाठी वापरता येऊ लागला.

१९७५ साली मायकेल डुकाकिस राज्यपाल झाले. त्यांनी साल्वुची यांना परिवहन सचिव नेमले. तेव्हा साल्वुची अवघे ३४ वर्षांचे होते. १९७९ पर्यंत आणि पुन्हा १९८३ ते १९९१ असे दोन वेळा त्यांनी हे पद सांभाळले. मधल्या चार वर्षांत दुसरे राज्यपाल निवडून आल्यामुळे त्यांना पदावर पाणी सोडावे लागले होते.

सचिव झाल्यावर त्यांनी सार्वजनिक वाहतुकीकडे लक्ष दिले. शहराची रेड लाइन ही भुयारी रेल्वे हार्वर्डच्या पुढे वाढवण्यात आली. १९८५ साली ती एलवाइफपर्यंत पोहोचली. ज्या नैर्ऋत्य पट्ट्यात महामार्गासाठी घरे पाडली होती, त्या मोकळ्या जमिनीवर ऑरेंज लाइन ही रेल्वे नेण्यात आली. १९८७ साली ती सुरू झाली. तिच्या बाजूने लांबच लांब बाग, पायवाटा आणि खेळाची मैदाने तयार झाली. गेलेली घरे परत आली नाहीत. पण तेथे मोटारींची भिंत उभी राहिली नाही.

आता प्रश्न उरला तो सेंट्रल आर्टरीचा. या रस्त्यावरून रोज सुमारे ७५,००० वाहने जातील, असे बांधताना धरले होते. पुढे ही संख्या दोन लाखांच्या जवळ गेली. दिवसातून कित्येक तास वाहतूक खोळंबून राही. शिवाय लोखंड गंजू लागले होते. रस्ता रुंद करावा, तर पुन्हा घरे पाडावी लागणार. पाडून टाकावा, तर वाहने जाणार कोठून? महामार्गाचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराने साल्वुची यांना एक कल्पना सांगितली होती : हा संपूर्ण रस्ता जमिनीखाली न्यावा. ही कल्पना साल्वुची यांनी उचलून धरली.

त्याच वेळी आणखी एक मागणी होती. बोस्टनचा विमानतळ बंदराच्या पलीकडे ईस्ट बोस्टनमध्ये आहे. तेथे जाण्यासाठी पाण्याखालून दोन जुने बोगदे होते. व्यापारी व उद्योजक यांना तिसरा बोगदा हवा होता. परंतु तो बोगदा ईस्ट बोस्टनच्या वस्तीत निघाला, तर तेथील घरे जाणार होती. त्यामुळे रहिवाशांचा त्याला कडाडून विरोध होता. साल्वुची यांनी यातून वाट काढली. बोगद्याचे तोंड वस्तीत न उघडता विमानतळाच्याच जमिनीवर उघडायचे, असे त्यांनी ठरवले. नंतर तिसरा बोगदा आणि जमिनीखालचा रस्ता यांची मिळून एकच योजना केली. व्यापाऱ्यांना बोगदा मिळाला, शहराला मोकळी जमीन मिळणार होती आणि ईस्ट बोस्टनची वस्ती वाचली. या योजनेसाठी एकही राहते घर पाडायचे नाही, ही साल्वुची यांची अट होती आणि ती पाळली गेली.

एवढ्या मोठ्या कामाला केंद्र सरकारच्या पैशाची गरज होती. १९८७ साली अमेरिकेच्या संसदेने संपूर्ण देशातील रस्त्यांसाठी एक विधेयक मंजूर केले. त्यात बोस्टनच्या कामाचाही समावेश होता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ते नाकारले. अशा वेळी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केले, तरच कायदा होतो. २ एप्रिल १९८७ रोजी सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३३ अशी मते पडली. १०० सदस्यांच्या सभागृहात ६७ मतेच लागत होती. एक मत कमी पडले असते, तर सारी योजना कागदावर राहिली असती.

यानंतर परवानग्या मिळवण्याचे किचकट काम सुरू झाले. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या एका संस्थेचे म्हणणे असे होते, की केवळ रस्ते वाढवले तर मोटारी आणि धूर वाढेल. साल्वुची यांनी तिच्याशी वाटाघाटी केल्या आणि १९९० च्या अखेरीस करार केला. रस्त्याबरोबर रेल्वेचीही कामे करण्याचे राज्याने त्यात कबूल केले. जानेवारी १९९१ मध्ये डुकाकिस यांची मुदत संपली आणि साल्वुचीही पदावरून दूर झाले. त्याच वर्षी बांधकामाला सुरुवात झाली. योजना ज्यांनी तयार केली, त्यांच्या हाती प्रत्यक्ष काम राहिले नाही.

लोकांनी या कामाला 'बिग डिग', म्हणजे 'मोठी खोदाई' असे नाव दिले. वरचा रस्ता बंद न करता त्याच्या खाली बोगदा खोदायचा होता. त्यासाठी प्रथम जमिनीत अरुंद व खोल चर खणत. चराच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात विशिष्ट मातीचा पातळ चिखल भरत. मग तळापासून काँक्रीट ओतत. काँक्रीट वर येई, तसा चिखल बाहेर पडे आणि जमिनीत भक्कम भिंत तयार होई. अशा दोन भिंतींवर तुळया टाकून वरच्या रस्त्याचा भार त्यांवर घेतला. नंतर मधली माती काढली. एके ठिकाणी रेल्वेच्या रुळांखालून बोगदा न्यायचा होता. तेथील पोचट जमीन थंड द्रव फिरवून गोठवली आणि काँक्रीटचे भले मोठे पेटीसारखे भाग तिच्यातून पुढे ढकलले. वर आगगाड्या धावतच होत्या.

बंदराखालचा बोगदा पोलादी नळ्यांचा आहे. त्याचे १२ भाग दुसऱ्या राज्यात तयार करून समुद्रमार्गे आणले आणि तळाशी खणलेल्या चरात बुडवून एकमेकांना जोडले. हा टेड विल्यम्स बोगदा १५ डिसेंबर १९९५ रोजी सुरू झाला. खोदून काढलेल्या मातीचा काही भाग बंदरातील स्पेक्टॅकल बेटावर टाकला. तेथे पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. मातीने तो कचरा झाकला गेला आणि २००६ साली ते बेट बाग म्हणून लोकांसाठी खुले झाले.

शहराखालचा मुख्य रस्ता २००३ साली सुरू झाला. जुना उन्नत रस्ता पाडण्यात आला. त्याच्या जागी सुमारे दीड मैल लांबीची बाग तयार झाली. २००८ साली तिचे उद्‌घाटन झाले. पन्नास वर्षांपूर्वी तोडला गेलेला नॉर्थ एंड पुन्हा शहराला जोडला गेला.

परंतु या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीला खर्चाचा अंदाज १९८२ च्या दराने २.८ अब्ज डॉलर होता. २००७ च्या अखेरीस काम पूर्ण झाले, तेव्हा तो १४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता. महागाई व वाढलेली कामे ही त्याची काही कारणे होती. पण कामावरील देखरेखीतही दोष होते. २००४ साली बोगद्याच्या भिंतींतून पाणी झिरपू लागले. १० जुलै २००६ रोजी एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. छताचे बोल्ट ज्या चिकट पदार्थाने बसवले होते, तो सतत भार सहन करण्याच्या योग्यतेचा नव्हता, असे चौकशीत आढळले. चांगल्या हेतूने आखलेले कामही प्रत्येक बोल्ट तपासूनच पूर्ण करावे लागते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

१९९० च्या करारातील रेल्वेची कामेही लवकर झाली नाहीत. त्यांपैकी ग्रीन लाइन ही रेल्वे सॉमरव्हिल व मेडफर्डपर्यंत नेण्याचे काम २०२२ साली पूर्ण झाले. दिलेला शब्द खरा व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. परंतु तो लेखी होता, म्हणूनच लोकांना त्याचा पाठपुरावा करता आला.

पद सोडल्यावर साल्वुची आपल्या जुन्या संस्थेत परत गेले आणि तरुण अभियंत्यांना वाहतुकीचा विषय शिकवू लागले. त्यांच्या कामाचा खर्च किती झाला, यावर आजही वाद होतो. तो व्हायलाही हवा, कारण पैसा लोकांचा होता. पण अभियंत्याने नकाशावर रेघ ओढण्याआधी तिच्याखाली कोणाचे घर येते ते पाहावे, ही त्यांची शिकवण वादापलीकडची आहे.

शब्दार्थ
स्थापत्य अभियांत्रिकी – पूल, रस्ते, इमारती बांधण्याचे शास्त्र
उन्नत – उंचावर असलेला
खोळंबणे – अडून राहणे
दुवा – जोडणारा भाग
विधेयक – कायद्याचा मसुदा
वाटाघाटी – समजुतीसाठी केलेली बोलणी
पोचट – भुसभुशीत, आतून भक्कम नसलेली
पाठपुरावा करणे – काम पूर्ण होईपर्यंत मागे लागणे

वाक्प्रचार
पाणी सोडणे – हक्क किंवा आशा सोडून देणे
उचलून धरणे – पाठिंबा देणे
वाट काढणे – अडचणीतून मार्ग शोधणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साल्वुची यांच्या आजीला घर का सोडावे लागले?
(आ) साल्वुची पहिल्यांदा परिवहन सचिव झाले, तेव्हा त्यांचे वय किती होते?
(इ) स्पेक्टॅकल बेटावर पूर्वी काय टाकत असत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ईस्ट बोस्टनच्या रहिवाशांचा तिसऱ्या बोगद्याला विरोध का होता? त्यावर साल्वुची यांनी कोणता उपाय केला?
(आ) वरचा रस्ता चालू ठेवून खाली बोगदा कसा खोदला?
(इ) 'बिग डिग'च्या कामात कोणत्या उणिवा राहिल्या?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (६७, ऑरेंज, नॉर्थ एंड)
(अ) नैर्ऋत्य पट्ट्यातील मोकळ्या जमिनीवर ______ लाइन ही रेल्वे नेण्यात आली.
(आ) सिनेटमध्ये विधेयकाच्या बाजूने ______ मते पडली.
(इ) ______ हा इटालियन लोकांचा मोहल्ला होता.

प्र. ४. भाषाभ्यास
(अ) रस्ता, शहर, जमीन, बाजार, खर्च, इमारत, मंजूर, कायदा, मोहल्ला हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.
(आ) उर्दूत 'शहर', 'घर', 'काम' हे शब्द पुल्लिंगी आहेत. मराठीत ते नपुंसकलिंगी आहेत. उदा. 'ते शहर मोठे आहे.' याप्रमाणे 'घर' आणि 'काम' हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

प्र. ५. चर्चा करा.
रस्त्यासाठी एखाद्याचे घर घ्यावेच लागले, तर त्या कुटुंबासाठी सरकारने काय काय करावे?

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादा रस्ता किंवा पूल होण्याआधी तेथे काय होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.